चाक थांबलं, आकडा थांबेना

दोन मोटारींना सारखीच वीज दिली की दोन्ही चाकं सारखीच फिरतील, असं कागदावर वाटतं. सोयाबीनच्या दोन ओळींत 45 सेंमी, म्हणजे दीड फूट जागा. त्यात चालणारी गाडी वीतभर सरकली की पीक चाकाखाली. आमची कोळपणीची छोटी गाडी नेमकं हेच करायची, आणि दर वेळी एकाच बाजूला. आप्पा बांधावरून बघत होते. म्हणाले, "काहून बरं डावीकडंच वढ खायलाय ह्यो?"

माझं परभणीत मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा, पण पोट चालतं ते शेतपंपांच्या जळालेल्या मोटारींवर. शेती आप्पा बघतात. मावसभाऊ वाळूजला, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात. सुट्टी मिळाली की मराठवाडा एक्स्प्रेस धरून येतो. बैलजोडी विकून झालेली, कोळपणीच्या दिवसांत माणूस मिळेना, म्हणून आम्ही दोघांनी ही गाडी करायला घेतली. लोखंडी पाइपांची चौकट, लहान पोरांच्या सायकलची 12 इंची चाकं, भंगारातून आणलेल्या जीपच्या दोन वायपर मोटारी, 12 व्होल्टची बॅटरी, मागं कोळपं आणि डोकं म्हणून अर्डुइनो नॅनो, म्हणजे कोड भरून चालवायचा बोटभर संगणक.

वायपरची मोटार काटक असते. आत वर्म गिअर असल्यामुळे चाक बाहेरून ढकललं तरी मोटार उलटी फिरत नाही, उतारावर गाडी जागेवर उभी राहते. पण आमच्या दोन्ही मोटारी एका दिशेला जेवढ्या पळत तेवढ्या उलट्या दिशेला पळत नव्हत्या. आणि त्या एकमेकींकडे पाठ करून बसवलेल्या. म्हणजे गाडी पुढं जाताना एक सुलटी फिरणार, दुसरी उलटी. डावीकडे ओढ खाण्याचं कारण हे. डाव्या मोटारीला अंदाजानं थोडी जास्त वीज देऊन बघितली. बॅटरी भरलेली असताना जमलं, उतरल्यावर बिघडलं. ढेकळं आली की पुन्हा बिघडलं. प्रत्येक चाक खरोखर किती वेगानं फिरतंय हे कोडला कळल्याशिवाय इलाज नव्हता.

सुरुवात सगळे करतात तशीच केली. 20 खाचांची काळी प्लॅस्टिकची चकती आणि चिमट्यासारखा इन्फ्रारेड सेन्सर, बाजारात जोडीनं मिळतो तो. चकती चाकाच्या आसावर. खाच समोर आली की प्रकाश पलीकडे जातो, दात आला की अडतो, आणि नॅनोच्या पिनवर एक पल्स येते. ठरावीक वेळात किती पल्स आल्या ते मोजायचं, 20 नं भागायचं, झाला वेग. शिकवणारे बहुतेक जण इथंच थांबतात. त्यांच्या टेबलावरची मोटार मिनिटाला हजारो फेरे मारत असते, त्यामुळे त्यांचं चालून जातं.

आमचं चाक मिनिटाला 30 फेरे मारतं. बैलाच्या चालीपेक्षाही थोडी कमी गती, सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर. आता हिशोब बघा. 30 फेरे गुणिले 20 खाचा म्हणजे मिनिटाला 600 पल्स, सेकंदाला 10. एक सेकंद मोजत बसलो तर एका पल्सचा फरक म्हणजे 3 आरपीएम (मिनिटाला फेरे), तेवढं एक वेळ चालेल. पण तो आकडा हाती येईपर्यंत गाडी अर्धा मीटर पुढं गेलेली असते आणि वाकडीही झालेली असते. म्हणून मोजायचा वेळ 100 मिलिसेकंदांवर आणला. तेवढ्यात पल्स येते एक. कधी शून्य, कधी दोन. स्क्रीनवर आकडे यायला लागले: 30, 30, 0, 30, 60, 30, 0. चाक एका लयीत फिरतंय आणि कोडला वाटतंय ते थांबतंय, पळतंय, थांबतंय. कोड त्या आकड्यांवर विश्वास ठेवून वीज कमीजास्त करणार, मग चाक खरोखरच धक्के खायला लागलं. मोजमापातला खोटा थरथराट लोखंडात उतरला.

मावसभावानं वही ओढली आणि गुणाकार उलटा करून दाखवला. त्यांच्याकडे दुचाकीच्या एबीएसची, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, चाकाचा वेग मोजायला लागणारी दातेरी कडी तपासायचं काम चालतं. आपल्याकडे एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं, तेव्हापासून हे काम त्याच्या रोजच्या डोळ्यांखालचं. तो म्हणाला, "दादा, पल्स कशाला मोजायलाव? दोन पल्समधला वेळ मोजा ना."

सगळा मामला इथं फिरला. चाक हळू असेल तर पल्स कमी येतात, पण दोन पल्समधला वेळ मोठा होतो, आणि मोठा वेळ मोजायला सोपा. नॅनोमधलं मायक्रोसेकंदांचं घड्याळ 4 च्या पायरीनं पुढं सरकतं. 30 आरपीएमला 20 खाचांच्या दोन पल्समध्ये 1,00,000 मायक्रोसेकंद जातात. एक लाखात चारची चूक! आधीच्या पद्धतीत चूक 30 मध्ये 30 ची होती. सूत्र साधं आहे: एका मिनिटात 6,00,00,000 मायक्रोसेकंद, त्याला खाचांच्या संख्येनं भागलं की 30,00,000, आणि त्याला दोन पल्समधल्या वेळानं भागलं की थेट आरपीएम. सायकलच्या चाकाच्या तारेवर लावायचं चुंबक आणि वेग दाखवणारं छोटं यंत्र मिळतं, तेही असंच चालतं. फेरा पुरा व्हायला किती वेळ लागला यावरून वेग काढतं.

कोडमध्ये याला इंटरप्ट लागतो. पिनवर पल्स आली की नॅनो हातातलं काम सोडून एका छोट्या फंक्शनमध्ये जातो. तिथं काम फक्त दोन: घड्याळ बघायचं आणि आताच्या वेळेतून मागची वेळ वजा करून फरक लिहून ठेवायचा. भागाकार तिथं करायचा नाही, स्क्रीनवर लिहायचं तर अजिबात नाही. ती कामं मुख्य लूपची, म्हणजे सतत फिरत राहणाऱ्या मूळ कोडची. नॅनोवर अशा थेट इंटरप्टच्या पिना दोनच, 2 आणि 3 नंबरच्या. दोन चाकांना त्या बरोबर पुरल्या. पल्सची एकच कड धरायची, हेही महत्त्वाचं. खाच आणि दात यांची रुंदी सारखी नसते, त्यामुळे चढती आणि उतरती अशा दोन्ही कडा मोजल्या तर वेळ एकदा लहान, एकदा मोठा येत राहतो.

टेबलावर पहिल्यांदा आकडे शांत झाले. 29.8, 30.1, 29.9. मग मधूनच 4,000. चाक 4,000 आरपीएमनं फिरलं असतं तर दुकानाच्या शटरला भोक पडलं असतं.

कारण खाचेच्या कडेला आहे. दात प्रकाशाच्या आड हळूहळू येतो तेव्हा सेन्सरमधला व्होल्टेज तुलना करणाऱ्या चिपच्या उंबरठ्यावर घुटमळतो, आणि चिप एकदा हो, एकदा नाही असं चार-पाच वेळा पटापट म्हणते. चाक जेवढं हळू तेवढं हे जास्त. शेजारीच मोटारीचे ब्रश ठिणग्या टाकत असतात, त्यांचा गोंधळ वायरींतून येतो तो वेगळा. मोटारीच्या टोकांवर आणि सेन्सरच्या आउटपुटवर 104 नंबरचा कपॅसिटर लावला, सेन्सरच्या वायरींना पीळ देऊन त्या मोटारीच्या वायरींपासून लांब नेल्या. बरंच थांबलं, सगळं नाही.

उरलेलं कोडनं थांबवलं. आमचं चाक काही केल्या 60 आरपीएमच्या वर जात नाही, म्हणजे 20 खाचांच्या दोन पल्समध्ये 50 मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ असूच शकत नाही. मग 20 मिलिसेकंदांच्या आत आलेली पल्स खोटी समजून सोडून द्यायची. सोडून देताना मागच्या पल्सची वेळ बदलायची नाही, नाहीतर पुढची खरी पल्सही चुकीची मोजली जाते. आणखी एक सवय मी लावून घेतली आहे: सोडून दिलेल्या पल्स वेगळ्या मोजून ठेवायच्या. असली गाळणी आजार झाकते. एखादी वायर सैल होत असेल तर वेगाचा आकडा छान दिसत राहतो आणि फेकलेल्यांचा आकडा वाढत जातो. दुकानात येणाऱ्या मोटारींचंही तेच. आवाज बंद झाला म्हणजे बेअरिंग बरं झालं असं नसतं.

मग गाडी शेतात नेली. दुपारी सेन्सरनं जीव टाकला. इन्फ्रारेड सेन्सरला स्वतःच्या दिव्याचा प्रकाश ओळखायचा असतो, पण उन्हातही इन्फ्रारेड भरपूर. आमच्याकडचं बाराचं ऊन आडव्या खाचेतून आत गेलं की दात आड आहे की नाही हे त्याला कळेनासं होतं. काळी टेप गुंडाळली, डबीत बसवला. ऊन अडलं. काळ्या रानाचा फुफाटा मात्र डबीतही शिरतो, आणि पहिला पाऊस पडल्यावर त्या फुफाट्याचा चिखल होऊन खाचाच बुजल्या. भारी रानात काम करणाऱ्या यंत्राला उघड्या खाचांची चकती लावू नये, हे माझं ठाम मत झालंय. टेबलावर ती उत्तम आहे.

त्या जागी हॉल सेन्सर आले. तीन पायांची छोटी चिप; चुंबकाचा ठरावीक ध्रुव समोर आला की आउटपुट खाली ओढते. तिला 10 किलोओहमचा रेझिस्टर लावून आउटपुट वर धरून ठेवावं लागतं. मधे चिखल असो, धूळ असो, पाणी असो, चुंबकाचं क्षेत्र पलीकडे पोचतंच. चाकाच्या रिमवर आतून 8 छोटी निओडिमियम चुंबकं इपॉक्सीनं चिकटवली. प्रत्येकाचा तोच ध्रुव बाहेर हवा, म्हणून चिकटवण्याआधी चुंबकं एकावर एक रचून एकाच बाजूला मार्करचे ठिपके दिले.

आता 20 चे 8 झाले. 30 आरपीएमला सेकंदाला 4 पल्स, दोन पल्समध्ये 250 मिलिसेकंद. पल्स मोजायच्या पद्धतीवर असतो तर दुकान गुंडाळावं लागलं असतं. वेळ मोजत असल्यामुळे फक्त सूत्रातला वरचा आकडा बदलला, 75,00,000.

पण पल्स विरळ झाल्यावर या पद्धतीची खरी दुखरी जागा उघडी पडली. बहिणीचा मुलगा लॅपटॉप मांडीवर घेऊन बांधावर बसला होता. गाडीचं उजवं चाक एका ढेकळाला अडलं. मोटार घुंऽऽ करून ताणायला लागली. पोरगं ओरडलं, "मामा, चाक थांबलंय की! आकडा तर तीसच दावायलाय!"

बरोबरच होतं. वेग काढायला दोन पल्स लागतात. चाक थांबलं की पल्स येत नाही, पल्स आली नाही की इंटरप्ट होत नाही, इंटरप्ट नाही म्हणजे नवा फरक नाही. कोडच्या हातात शेवटचा 250 मिलिसेकंदांचा फरक तसाच पडून असतो आणि तो त्यालाच दर वेळी भागत बसतो. म्हणजे ज्या क्षणाला कोडनं सावध व्हायला पाहिजे, त्याच क्षणाला त्याला सगळं ठीक दिसतं. पल्स मोजणाऱ्या जुन्या पद्धतीत निदान शून्य तरी आलं असतं.

यावर सांगितला जाणारा उपाय म्हणजे मुदत: एक सेकंद पल्स आली नाही तर वेग शून्य धरा. आम्ही तो करून बघितला आणि मला तो आवडला नाही. त्या एका सेकंदात दुसरं चाक अर्धा मीटर पुढं जातं, गाडी अडलेल्या चाकाभोवती गोल फिरते आणि कोळपं सोयाबीनच्या ओळीवर. मुदत कमी करावी तर चाक मुद्दाम हळू चालवताना कोड उगाच शून्य म्हणतो.

एसटीची वाट बघणाऱ्याला जे कळतं ते कोडला कळत नव्हतं. गाडी दर अर्ध्या तासाला आहे असं कंट्रोलरनं सांगितलंय, आणि आपण पाऊण तास उभे आहोत. तर गाडी केव्हा येईल ते माहीत नसलं तरी आज ती अर्ध्या तासाला नाही, एवढं नक्की. पाऊण तास तर झालाच, पुढं आणखी जास्तच. तसंच इथं. मुख्य लूप दर वेळी बघतो: शेवटची पल्स येऊन आतापर्यंत किती वेळ झाला? तो वेळ मागच्या फरकापेक्षा कमी असेल तर मागचा फरकच वापरायचा. जास्त झाला असेल तर हाच वेळ फरक म्हणून धरायचा, कारण पुढची पल्स या क्षणी आली तरी वेग याहून जास्त निघणार नाही. दोन्हींतला मोठा घ्यायचा, बस. कोडमध्ये एका ओळीचं काम.

याचा परिणाम बघण्यासारखा आहे. चाक 30 वर फिरत असताना अडलं, तर 250 मिलिसेकंदांपर्यंत काही कळत नाही. त्यानंतर आकडा आपोआप उतरायला लागतो: अर्ध्या सेकंदाला 15, एका सेकंदाला 7.5, दोन सेकंदांना 3.75. चारच्या खाली गेला की आम्ही शून्य म्हणतो. म्हणजे पल्स न येणं हीसुद्धा बातमी झाली. आता ढेकूळ आडवं आलं की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात कोड त्या चाकाला जास्त वीज देतो आणि दुसऱ्याला सावकाश घेतो. बहुतेक ढेकळं तेवढ्यात फुटतात.

याचीच दुसरी बाजू चाक पुन्हा सुरू होताना दिसते. गाडी बांधावर पाच मिनिटं उभी होती, मग चालवली. पहिली पल्स येते तेव्हा फरक निघतो पाच मिनिटांचा! त्यावरून वेग जवळजवळ शून्य, म्हणून कोड पूर्ण वीज ओततो आणि गाडी उडी मारते. थांबल्यानंतरची पहिली पल्स फक्त घड्याळ लावण्यापुरती घ्यायची, तिच्यावरून वेग काढायचा नाही. दुसरी आल्यावर काढायचा.

दिशेचा प्रश्न एका सेन्सरनं सुटत नाही. चुंबक पुढून आलं की मागून, पल्स सारखीच. त्यासाठी दोन सेन्सर थोड्या अंतरानं लावून आधी कोण बोललं ते बघतात. आमच्या वर्म गिअरमुळे चाक मोटारीच्या मर्जीविना फिरतच नाही, तेव्हा मोटारीला दिलेला हुकूम हीच दिशा समजून भागलं.

मग आला मला सगळ्यांत जास्त आवडलेला भाग. चाक विटांवर उचलून धरलं, वीज एकसारखी ठेवली, तरी फरक हलतच होते: 250, 262, 238, 251, 244... काही वेळ बघितल्यावर ध्यानात आलं की हे कसंही हलत नाही. दर आठ पल्सनंतर तोच क्रम परत येतो. चाक एकसारखं फिरत होतं, चुंबकं एकसारख्या अंतरावर नव्हती. हातानं चिकटवलेल्या आठ चुंबकांत एखादी रिमवर अर्धा सेंटिमीटर इकडंतिकडं होणारच.

सोपा उपाय म्हणजे शेवटच्या आठ फरकांची बेरीज. कुठूनही सुरुवात करा, सलग आठ फरक म्हणजे बरोबर एक फेरा, आणि चुंबकं कशीही बसली असली तरी फेरा फेराच. आकडा अगदी गुळगुळीत होतो. पण 30 आरपीएमला एक फेरा म्हणजे दोन सेकंद, आणि दोन सेकंदांची शिळी बातमी ओळीत गाडी सरळ ठेवायला कामाची नाही. स्क्रीनवर दाखवायला आणि अंतर मोजायला आम्ही ही बेरीज ठेवली. मोटारीला दुसरी वाट काढली.

प्रत्येक चुंबकाचा वाटा ठरवायचा. विटांवरच्या चाकाचे पुष्कळ फेरे घेऊन पहिल्या ते दुसऱ्या चुंबकाचा वेळ हा पूर्ण फेऱ्याचा कितवा भाग आहे, दुसऱ्या ते तिसऱ्याचा कितवा, असे आठ आकडे काढून कोडमध्ये ठेवले. मग ज्या चुंबकाची पल्स, त्याचा वाटा घेऊन भागाकार. अडचण एकच: वीज चालू केली तेव्हा समोरून गेलेलं चुंबक पहिलं की पाचवं, हे कोडला कोण सांगणार? मावसभाऊ म्हणाला, इंजिनात बघ कसं करतात. बऱ्याच गाड्यांच्या क्रँकच्या चाकावर 60 दातांची आखणी असते आणि त्यातले 2 दात मुद्दाम ठेवत नाहीत. मोठी फट आली की संगणकाला फेऱ्याची सुरुवात कळते. युक्ती झकास. पण आमच्या चाकाला ती लावली तर मोठी फट म्हणजे फेऱ्याची खूण की ढेकळाला अडलेलं चाक, हा घोळ. इंजिन मिनिटाला हजार फेरे मारतं, त्याला ही शंका येत नाही. 30 वाल्याला येते.

म्हणून आम्ही आतल्या बाजूला एक जास्तीचा हॉल सेन्सर लावला आणि पहिल्या चुंबकाच्या रेषेत त्याच्यासाठी शेजारी शेजारी दोन चुंबकं, म्हणजे त्याचं आउटपुट थोडं आधी खाली जातं आणि थोडं उशिरा वर येतं. त्याला इंटरप्टची पिन लागत नाही. मुख्य पल्स आली की इंटरप्टमध्येच त्या दुसऱ्या पिनेकडे एक नजर टाकायची. खाली असेल तर हे पहिलं चुंबक, मोजणी एकपासून. पहिली खूण मिळेपर्यंत सगळ्यांचा वाटा आठवा भाग धरायचा. ज्या दिवशी हे बसलं त्या दिवशी विटांवरच्या चाकाचा आलेख एका सरळ रेषेत आला आणि आम्ही दोघं चहा गार होईपर्यंत तो बघत बसलो.

मायक्रोसेकंदांच्या घड्याळाबद्दल दोन गोष्टी राहिल्या. ते 4,29,49,67,295 पर्यंत मोजतं आणि पुन्हा शून्यावर येतं. म्हणजे साधारण 71 मिनिटांनी. एका बॅटरीत गाडी त्याहून जास्त चालते. फरक काढताना चिन्ह नसलेल्या 32 बिटच्या संख्यांची सरळ वजाबाकी केली, आतामधून मागचं, तर शून्य ओलांडतानाही उत्तर बरोबर येतं. मात्र मागची वेळ अधिक मुदत अशी बेरीज करून तुलना केली तर 71 व्या मिनिटाला गडबड. हे तपासायला सव्वा तास बसायची गरज नाही. घड्याळाच्या आकड्यात एवढी भर घालून ठेवायची की ते मिनिटभरातच शून्य ओलांडेल.

दुसरी गोष्ट बारीक आहे आणि तिनं फार दमवलं. चाक व्यवस्थित फिरतंय, आणि कधीतरी एकदम शून्य चमकून जातं. नॅनो 8 बिटचा आहे, 32 बिटची संख्या तो चार तुकड्यांत वाचतो. दोन तुकडे वाचून झाले आणि तेवढ्यात पल्स आली, तर अर्धी संख्या जुनी, अर्धी नवी. समजा 65,535 च्या जागी 65,536 येत होतं, तर मधेच 1,31,071 असं भलतंच काहीतरी हाती लागतं. म्हणून वाचण्यापुरते इंटरप्ट बंद करून दोन्ही संख्या, शेवटची वेळ आणि फरक, एकदमच उतरवून घ्यायच्या आणि लगेच इंटरप्ट चालू करायचे. एवढं करूनही शून्य चमकत राहिलं. शेवटी क्रमात सापडलं. लूप आधी घड्याळ बघत होता आणि मग शेवटच्या पल्सची वेळ उतरवत होता. त्या दोन ओळींच्या मधे पल्स आली की पल्सची वेळ आताच्या वेळेच्या पुढची! वजाबाकी शून्याच्या खाली जाऊन चारशे कोटींच्या वर पोचते, आणि कोड म्हणतो, बापरे, सव्वा तास झाला पल्स नाही, चाक थांबलं. आधी उतरवून घ्यायचं, मग घड्याळ बघायचं. दोन ओळींची अदलाबदल, आणि ते शून्य परत दिसलं नाही.

आकडे खरे आहेत का, हे बघायला महागाचं यंत्र लागलं नाही. चाकावर पांढऱ्या टेपची पट्टी आणि फोनचा सेकंदाला 240 चित्रं घेणारा कॅमेरा. 30 आरपीएमला एका फेऱ्यात 480 चित्रं यायला पाहिजेत. भाच्यानं बसून मोजली, एक-दोन चित्रांचा फरक आला.

ओळीत गाडी आता सरळ जाते. पण ओल्या काळ्या रानात नवा प्रश्न उभा राहिला, आणि तो या सेन्सरनं सुटणारा नाही. चिखलात चाकं जागच्या जागी फिरतात. सेन्सर म्हणतो 30, चाकही खरोखर 30 नं फिरतंय, गाडी मात्र हललेली नाही. मोटारीच्या चाकाचा वेग आणि जमिनीवरचा वेग या दोन वेगळ्या वस्तू. म्हणून सध्या मागं एक मोकळं चाक ओढत नेतोय, 20 सेंमी व्यासाचं, चार चुंबकांचं. म्हणजे एका पल्समागं साधारण 15.7 सेंमी जमीन. नॅनोच्या दोन्ही थेट इंटरप्ट पिना भरलेल्या, म्हणून हे चाक पिन बदलली की उठणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या इंटरप्टवर घेतलंय. तो चढत्या आणि उतरत्या दोन्ही कडांना उठतो, त्यामुळे आत गेल्यावर पिन खाली आहे की वर हे आधी बघावं लागतं. मोकळ्या चाकाला मोटार नाही, त्याला कुणी हुकूम देत नाही; वळताना गाडी जराशी मागं सरली की तेही उलटं फिरतं, आणि तेव्हाची पल्स पुढं गेल्याचीच मोजली जाते. त्याला दोन सेन्सर लागणारच. मावसभाऊ पुढच्या सुट्टीला घेऊन येतोय.